गोष्टीची हजेरी

भर दुपारी कंदील लावणारी बाई तुम्ही कधी पाहिलीये? मी पाहिलीये, आणि तीही चांगली शहाणीसुरती, पगारी, मास्तरीण बाई. जळगावला मुलींच्या प्राथमिक शाळेत मी नव्याने लागले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. बाहेर ऊन असं की पायाखालची फरशी भाजावी, आणि तिसरीच्या वर्गाच्या सगळ्या खिडक्या बंद, दाराला आतून कडी. फटीतून पाहिलं तर टेबलावर काजळी धरलेला कंदील, भोवती घामाने निथळणाऱ्या मुली, आणि त्यांच्यामध्ये केसांच्या बुचड्यात पेन्सिल खोचून बसलेल्या एक उंच, काळ्यासावळ्या बाई. मी धावत मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तिकडे लक्ष देऊ नका. मथुराबाईंच्या वर्गात आत्ता रात्र आहे."

रात्र! भर दुपारी!

मथुराबाई म्हणजे आमच्या मथुराअक्का. मुलांच्या मासिकांत गोष्टी लिहायच्या. त्यांचं नाव मी माझ्या माहेरी असताना वाचलं होतं आणि मनाशी एखाद्या गोऱ्यापान, हळू बोलणाऱ्या, फुलं माळणाऱ्या लेखिकेचं चित्र काढून ठेवलं होतं. प्रत्यक्षात अक्कांच्या हाताला कायम रॉकेलचा वास. पदराच्या गाठीला भाजलेल्या शेंगा. आवाज असा की पटांगणाच्या त्या टोकाची मुलगी खेळता खेळता थबकायची. आणि तोंड फटकळ. मी बी.ए. झालेली, कथास्पर्धेत बक्षीस मिळवलेली, त्यामुळे माझी मान तेव्हा जरा ताठच असायची. अक्कांनी ती पहिल्याच महिन्यात नीट खाली बसवली.

झालं असं, मी मोठ्या हौसेने त्यांना माझी एक गोष्ट दाखवली. राजपुत्र, घोडा, आजारी राणी, सात डोंगरांपलीकडची औषधी मुळी. वाटेत एक म्हातारी भेटते, राजपुत्राला रस्ता दाखवते, आपली काठी त्याला देते. तो मुळी घेऊन येतो, राणी बरी होते, आनंदीआनंद. अक्कांनी कागद हातातही घेतला नाही. "मला काय दाखवतेस? मी म्हातारी झाले. माझ्या पोरींना वाचून दाखव."

खिडक्या लागल्या, कंदील लागला, मी अगदी हावभाव करून वाचलं. गोष्ट संपली. टाळ्या नाहीत, काही नाही. अक्का उठल्या आणि हजेरी घ्यायला लागल्या. मुलींची नाही हो, गोष्टीतल्या माणसांची.

"राजपुत्र?"

"घरी आला!" सगळा वर्ग एका सुरात.

"घोडा?"

"घरी आला!"

"म्हातारी?"

मागच्या बाकावरची एक बारकी पोर उभी राहिली. "बाई, ती तिथेच उभी आहे. तिची काठी राजपुत्राने नेली ना. ती आता घरी कशी जाणार?"

मला हसू आलं, पण अक्का हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? जा, म्हातारीला घरी पोचवून ये. मग दाखव." मी चिडले, घरी येऊन नवऱ्यापाशी धुसफुसले, पण ती म्हातारी काही माझ्या डोक्यातून हलेना. डोंगराच्या पायथ्याशी बिनकाठीची उभी. शेवटी मी तिच्यासाठी दोन पानं नवी लिहिली, आणि खरं सांगते, त्या गोष्टीत वाचण्यासारखं काही असेल तर तेवढी दोन पानंच आहेत.

ही अक्कांची रीत. गोष्टीत जो कोणी घराबाहेर पडला तो घरी पोचला पाहिजे. मग तो एका ओळीपुरता आलेला पाणक्या असो की शेळीचं करडू. हजेरीला एक जरी नाव गैरहजर राहिलं तर अक्का तो खर्डा फाडायच्या आणि परत बसायच्या. खर्डे म्हणजे जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू. त्यांची दुसरी रीत अशी, की सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मुलींकडून परत वदवून घ्यायची. "पोरी विसरल्या ते माझं नव्हतंच," त्या म्हणायच्या, "आणि पोरींनी भर घातली ते मात्र माझं. तेवढं उचलायचं."

एकदा तपासणीला साहेब आले. अंधारा वर्ग पाहून दारातच थबकले. अक्का आतून म्हणाल्या, "साहेब, आत या नाहीतर बाहेर राहा. पण दार लावा, उजेड येतोय." साहेब आत गेले. बाहेर आले तेव्हा शेऱ्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना, आणि "नावाडी घरी आला" असं पुटपुटत ते मुख्याध्यापिकेच्या खोलीकडे गेले. मोठ्या बाईंनी एवढंच बजावलं, की रॉकेल शाळा देणार नाही. तेव्हा रॉकेल रेशनवर, रांगा लावून मिळायचं. अक्का घरचं आणायच्या.

गोष्टी सुचतात कुठून, असं मी त्यांना विचारलं होतं. नवीन लिहिणारे सगळेच विचारतात. त्यांनी शाळेच्या फाटकाकडे बोट दाखवलं. "उशिरा येणारी पोर म्हणजे चालतंबोलतं गोष्टींचं पुस्तक. वेळेवर येणारीला काय दिसतं? घड्याळ."

त्या उशिरा आलेल्या मुलीला कधी मारत नसत. जवळ बोलवायच्या. "कोणत्या वाटेने आलीस? काय काय दिसलं?" मेहरूणची एक मुलगी तलावाकाठी बोरं वेचत बसायची आणि वर्गात येऊन ठोकून द्यायची की म्हशीने शिंगांवर दप्तर पळवलं. दुसऱ्या कोणी कान पिळला असता. अक्का गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "कोणाची म्हैस? दप्तर घेऊन कुठे गेली? पाण्यात उतरली तर पुस्तकं भिजली कशी नाहीत?" पोरगी घाबरीघुबरी होऊन एकावर एक इमले चढवायची. अक्कांचा नियम ठरलेला: "थाप पुरी केलीस तर शिक्षा नाही. अर्धवट सोडलीस तर तासभर उभी." ती दप्तर पळवणारी म्हैस पुढे दोन पुस्तकांत छापून आली. दुष्काळाच्या साली मुली पाण्यासाठी वणवण करून दुपारी उगवायच्या, तेव्हा अक्का त्यांनाही तेच विचारायच्या. कोणत्या वाटेने आलीस? वाटेत कोण भेटलं?

हा प्रश्न कुठून आला ते मला त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं.

पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर. ओट्यावर त्यांची आई बसलेली. वाळून काडी झालेली, पण डोळे लखलखीत. गल्लीत सगळे तिला माय म्हणत. मी चपला काढते न काढते तोच मायने विचारलं, "कोणती वाट धरीसन उनी वं?" मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, ख्यालीखुशाली विचारतंय. मी थट्टेने म्हटलं, "आभाळातून आले, माय." माय हसली नाही. पुढे वाकून म्हणाली, "मंग वाटमा कोनी भेटना का?"

दूधवाला आला, त्यालाही तेच. पोस्टमन आला, त्यालाही तेच. प्रत्येकाने रोजचं उत्तर दिलं, नाही माय, कोणी नाही भेटलं, आणि माय "बरं" म्हणून पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली. उन्हाळा होता तो, पण माझ्या अंगावर काटा आला. आत खुंटीला एक गाठोडं टांगलेलं होतं, जुनं, रंग उडालेलं, गाठ तशीच. कशाचं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

ते कळलं धुळ्याहून परत येताना.

धुळ्याला एक छापखाना मुलांचा दिवाळी अंक काढायचा. त्यात अक्कांची गोष्ट होती, कापसाच्या गाडीची. अंक छापून झाला, आणि अक्कांना आगाऊ प्रत आली. पाहतात तर काय, शेवटच्या चार ओळी गायब! तिथे तेलाची जाहिरात. त्या चार ओळींत गाडीवान घरी पोचत होता. अक्कांचा चेहरा असा पडला की मला वाटलं घरी कोणी गेलं बिलं की काय. "चल," म्हणाल्या. आम्ही दोघी शाळेला दांडी मारून एस.टी.त बसलो.

छापखान्याचे मालक शेठजी, मारवाडातून आलेल्या घराण्यातले, मोठे अदबशीर. अंकांचे गठ्ठे बांधून दाराशी ठेवलेले. अक्का म्हणाल्या, "गठ्ठे सोडा. मी प्रत्येक अंकात हाताने लिहिते."

"बाई, कमाल करता! माल आजच्या गाडीने जायचाय. एक गाडीवान घरी नाही गेला तर काय आभाळ कोसळतं?"

"शेठजी, पोरं वाचतील. तो नदीत उभा आहे. बैलांच्या पोटाला पाणी लागलंय. तुम्ही तेल विकलंत आणि त्याला तिथे सोडलंत."

शेठजींनी चहा मागवला. मला वाटलं, आता हे गोड बोलून आम्हाला वाटेला लावणार. पण ते म्हणाले, "आमचे दादाजी भावाबरोबर पायी निघाले होते देशाकडून, मारवाडातून. दादाजी इथवर आले. भाऊ वाटेतच राहिला. कुठे, ते कोणाला माहीत नाही. घरात त्याचं नाव घेत नाहीत." एवढं बोलून त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि नोकराला म्हणाले, "गठ्ठे सोड रे."

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे बसून लिहीत होतो. शेठजी, अक्का, मी, खिळे जुळवणारे दोन जुळारी. तेलाच्या जाहिरातीखाली, बारीक अक्षरात: गाडीवान घरी पोचला. शेठजींचं अक्षर सगळ्यात सुरेख होतं.

परतीच्या एस.टी.त मी विचारलंच. अक्का, हे काय वेड आहे तुमचं? कंदील काय, हजेरी काय! अक्कांनी गाठ सोडून शेंगा काढल्या, मला दिल्या, स्वतः खाल्ल्या नाहीत.

"आमच्याकडे म्हणतात, दिनमा गोट सांगानी नही, मामा वाट चुकस. दिवसा गोष्ट सांगितली की मामा रस्ता चुकतो. ऐकलं असशील."

ऐकलं होतं. लहानपणी सगळ्यांनाच सांगतात, पोरांनी दुपारी कामं सोडून गोष्टींत रमू नये म्हणून.

"मी सात-आठ वर्षांची असेन. आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, जवळ आलेली. माझा मामा शिरपूरच्या पलीकडून मायला माहेरी न्यायला येणार होता, मुऱ्हाळी म्हणून. माय सकाळपासून नटलेली. लुगडी घालून गाठोडं बांधून ठेवलेलं. माझ्यासाठी मामा लाकडाची बैलजोडी आणणार होता. मला काही धीर निघेना, म्हणून गल्लीतली पोरं गोळा केली आणि निंबाखाली गोष्ट सांगायला बसले. माय आतून ओरडली, मथे, दिन शे! मी म्हटलं, थोडीच राहिली आहे. आणि पुरी केली." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "मामा आला नाही. तापीच्या पल्याड वाळूत त्याला कोणीतरी पाहिलं होतं म्हणे. तिथून पुढे काही नाही. माणूस नाही, पागोटं नाही, बैलजोडी नाही. काही म्हणजे काही नाही."

"अक्का, तुम्ही लहान होतात. असं कुठे असतं का?"

"नसतं. मला काय कळत नाही? मी मास्तरीण आहे." मग जरा वेळाने, "माय मला एका शब्दाने बोलली नाही गं कधी. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने गाठोडं मात्र सोडलं नाही."

दिवसा गोष्ट सांगायची नाही, आणि शाळा तर दिवसाच भरते. मग या बाईने काय केलं, वर्गातच रात्र केली. मला एस.टी.त रडू आवरेना आणि अक्का म्हणतात, "शेंगा खा, खवट होतील."

मामाची गोष्ट त्या वर्षानुवर्षं लिहीत होत्या. दर खर्ड्यात मामाला वेगळ्या वाटेने आणायच्या. कधी गाडीतून, कधी पायी, कधी मेंढपाळांच्या संगतीने. शिरपूर सुटायचं, तापी यायची, मामा वाळूवर पाय ठेवायचा आणि कागद तिथे संपायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, गोष्टच आहे ना? आणा की त्याला घरी! सगळ्यांना आणता."

"ती माझी थाप आहे," अक्का म्हणाल्या. "आणि थाप पुरी करता येत नसेल तर उभं राहायचं असतं. मी उभी आहे."

माय गेली ती चैत्रात. आठवडाभर पाण्यावर होती. मी शाळेतून परस्पर पिंप्राळ्याला जायचे, अक्कांना दोन घास खायला लावायचे. त्या दिवशी दुपारी घरात आम्ही तिघीच होतो. मायला श्वास पुरेना म्हणून दारं-खिडक्या सताड उघड्या, सगळ्या घरात ऊन. मायने सकाळीच गाठोडं खुंटीवरून काढायला लावून उशाशी घेतलं होतं. ती डोळे उघडून म्हणाली, "मथे, गोट सांग."

"सांजले सांगसू, माय."

"सांज कोनी देखी? आते सांग."

"दिन शे, माय."

"शे तं ऱ्हाऊ दे. आते कोन ऱ्हायना वाट चुकाले?"

मी खिडकी लावायला उठले. मायने नुसता हात हलवला, राहू दे म्हणून. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मग त्यांनी सुरुवात केली, वर्गात करायच्या तशीच. एक होता मामा.

शिरपूर सुटलं. तापी आली. मामाने वाळूवर पाय ठेवला, आणि अक्का थांबल्या. बाहेर एक भंगारवाला ओरडत गेला.

"मंग?" माय म्हणाली.

"मग मामाने जोडे काढून काखेत घेतले," अक्का म्हणाल्या. "बैलजोडी डोक्यावर धरली, बहिणीच्या पोरीची होती ना. पाण्यात उतरला. पाणी गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं." आवाज गेला, परत आला. "मग गुडघ्याला आलं. मग मामा अलीकडे चढला. धोतर पिळलं. गावची वाट धरली. निंबाखाली पोरं गोष्ट ऐकत बसली होती, ती त्याने लांबून पाहिली. दाराशी आला आणि म्हणाला, बहीन, चाल. उशीर व्हई गया."

मायच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं. ती म्हणाली, "हजेरी ले."

मला तोवर ठाऊकच नव्हतं, की मायला हजेरीचं माहीत आहे.

अक्कांनी मान वर केली. "मामा?"

"उना," माय म्हणाली. अगदी तिसरीतल्या मुलीसारखं, खणखणीत.

संध्याकाळी ती गेली. आखाजी चार-सहा दिवसांवर आली होती.

जूनमध्ये माझ्या नवऱ्याची बदली धुळ्याला झाली. राजीनाम्याच्या कागदावर सही करायला मी शाळेत गेले, ती माझी आणि अक्कांची शेवटची भेट. पुढल्या वर्षी त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. राजीनाम्याच्या त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर अक्का वर्गाच्या दारात उभ्या होत्या. हातात कंदील. मला आपलं वाटलं होतं, आता हे संपलं असेल.

"अक्का, अजून? आता मामा पोचला ना?"

"मामा पोचला गं." त्यांनी काच पदराने पुसली. "आता माय वाटेवर आहे. तिला कुठे वाटा माहीत? जन्मात ओट्याच्या खाली उतरली नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत बसली." आणि त्या आत गेल्या. एकेक खिडकी लागली. कडी लागली.

मला जायला हवं होतं, घरी सामान बांधायचं होतं. पण मी व्हरांड्यात उन्हात उभी राहिले. आतून मामाची गोष्ट ऐकू येत होती. पहिल्यांदाच वर्गात सांगत होत्या. शेवटाला मात्र त्यांनी थोडं जोडलं होतं. मामा दाराशी येतो तोवर बहीण म्हातारी झालेली असते, ती गाठोडं घेते आणि त्याच्या मागोमाग निघते. बस, तिथे गोष्ट थांबली. पुढचं अक्कांना सांगता आलं नाही, ते मला बाहेरही कळलं.

मग हजेरी सुरू झाली.

"मामा?"

"घरी आला!"

"बैलजोडी?"

"घरी आली!"

"म्हातारी बहीण?"

वर्ग गप्प झाला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. आता खर्डा फाटणार, मला वाटलं, आता ही बाई पुन्हा जन्मभर लिहीत बसणार.

तेवढ्यात आतून एक बारीक आवाज आला. "बाई, मामा तिला न्यायलाच आला होता ना? आखाजीला? मग ती एकटी कुठे गेली? ती तर माहेरी गेली. पोचलीच की!"

"हो बाई, पोचलीच!" सगळ्या ओरडल्या. "माहेरी गेली! माहेरी गेली!"

मग खिडकीची कडी निघाली, झडप उघडली आणि ऊन सरळ अक्कांच्या तोंडावर पडलं. डोळे किलकिले करत त्यांनी मला पाहिलं. बुचड्यातली पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.

"लिहून घे गं," त्या म्हणाल्या. "पोरींनी भर घातली."